सुट्टी किती वाजता?

साताऱ्याहून फोन आला तेव्हा हंबीरराव खुर्चीत पेपर वाचत बसले होते. मोबाईलवरचं नाव बघितलं आणि माणूस ताडकन उभा राहिला. पलीकडच्याला हे दिसत नव्हते, तरी पाठ ताठ आणि टाचा जुळलेल्या. "जी सर. ओके सर. एक तारखेला रिपोर्ट करतो सर." फोन ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "झालं काम. सिक्युरिटी सुपरवायझर. अठ्ठावीस हजार."

मी भाकरी थापत होते. मी एवढंच विचारलं, "ड्यूटी किती तास?"

देवळात कुणी चपला घालून शिरावं तसं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"ते इचारायचं नसतं गं."

"का नसतं?"

"ड्यूटीचा टाइम सांगत्यात. आपन इचारायचा नसतो. पहिल्याच दिवशी टाइम इचारला की मानूस कामचुकार हाय असं वाटतं."

"आणि सांगलीतनं साताऱ्याला रोज जाऊन येणार हाय व्हय?"

"रूम हाय त्यांची. बिरदेव तिथंच हाय. सगळी आपलीच मानसं."

भाकऱ्या झाल्या, जेवणं झाली, तवा निवला. माझं डोकं काही निवलं नाही.

माझे यजमान चोवीस वर्षं फौजेत होते. हवालदार म्हणून पेन्शनीत आले त्याला आता आठ महिने झाले. आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली, पण मी नवरा बघितला तो रजेपुरता. समीक्षा जन्मली तेव्हा ते बर्फात कुठंतरी होते. सांगलीत हे घर बांधलं तेव्हा भिंतींना पाणी मारायला मीच उभी. पोरगी सायकल शिकली, पडली, गुडघ्याला टाके पडले, दहावीला बसली, हे सगळं त्यांनी फोनवर ऐकलं. मी कधी रडत बसले नाही. पतसंस्थेत कॅशिअर आहे मी, रडायला सवड नसते. पण मनात एक धरून ठेवलं होतं. हा माणूस एक दिवस कायमचा घरी येईल आणि संध्याकाळी आम्ही तिघं एका वेळी जेवायला बसू. माझं मागणं एवढंच होतं. कुणाला हसायचं असेल तर हसा.

आणि आता हा माणूस परत निघाला होता. या वेळी कुणी बोलावलेलं नसताना.

खरं तर नोकरी आधीच चालून आली होती, तीही कुपवाडात, आमच्या घरापासून मोटरसायकलवर दहा मिनिटांवर. बाळगोंडा अण्णांचा पंपाचे पार्ट बनवायचा छोटा कारखाना आहे. त्यांचं खातं आमच्या पतसंस्थेत. त्यांना स्टोअर सांभाळायला विश्वासाचा माणूस हवा होता. मीच शब्द टाकला आणि आम्ही दोघं जाऊन भेटून आलो. अण्णा जैन, नेमाधर्माचे. आम्ही टेकायच्या आत त्यांनी सगळं सांगून टाकलं. "सकाळी नवाला यायचं. आमच्यात दिवस मावळायच्या आत जेवायचं असतंय, त्यामुळं साडेपाचला मशिनी बंद. थंडीच्या दिवसांत पाचलाच. मी घरी गेलो की कामगारांनीबी घरी जायचं. एकटं थांबून काम करायचं आपल्यात न्हाई. दुपारी जेवायला अर्धा तास. रविवारी सुट्टी. पगार सतरा हजार. पटलं तर बघा."

इतकं सरळ बोलणं मी पतसंस्थेत वर्षभरात ऐकत नाही. मी खूश झाले. हंबीरराव गाडीवर बसले आणि म्हणाले, "ही काय नोकरी म्हनायची? मालक जेवायला जातो म्हनून कारखाना बंद?"

"बरं हाय की मग. आपणही वेळेत जेवू."

"सतरा हजार, क्रांती. लोकं इचारतील, हवालदारानं काय स्टोअरात खिळं मोजायची?"

लोकं. ही लोकं माझ्या घरी पाणी भरायला कधी आली नाहीत, पण पगार विचारायला पहिली.

तर अठ्ठावीस आणि सतरा, असा सगळा प्रकार होता. हंबीररावांच्या दृष्टीनं त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. मी मात्र दुसऱ्या दिवशी साताऱ्याच्या त्याच कंपनीत कामाला असलेल्या एका खातेदाराच्या भावाला फोन लावून विचारलं. बारा तासांची ड्यूटी. साप्ताहिक सुट्टी असते, पण बदली माणूस आला तर. तो सहसा येत नाही. मी मोबाईलवर भागाकार केला आणि जेवताना त्यांच्यासमोर धरला. साताऱ्यात तासाला अठ्ठ्याहत्तर रुपयेसुद्धा पडत नव्हते. कुपवाडात एक्क्याऐंशीच्या वर. वर साताऱ्याची मेस, खोलीचं भाडं, यायचं जायचं वेगळं.

"म्हणजे जास्त राबून कमी मिळणार," मी म्हटलं. "कळतंय का?"

त्यांनी मोबाईल बघितला, नीट बघितला, आणि परत माझ्या हातात दिला.

"तासावर बिगारी मोजत्यात. जवानाला म्हैन्याचा पगार असतो."

"आवं, तुमी आता जवान न्हाई."

हे बोलायला नको होतं. त्यांनी ताटातली शेवटची भाकरी न चावल्यासारखी खाल्ली, ताट स्वतः धुतलं आणि झोपायच्या खोलीत गेले. मग तो आवाज आला, ट्रंक ओढल्याचा.

या ट्रंकेचं सांगायलाच हवं. काळी पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर आणि नाव. कॉटखाली असते. रजेवर यायचे तेव्हा कपडे त्यातच राहायचे, कारण महिन्या-दोन महिन्यांत परत भरायचेच असायचे. पेन्शनीत आले तरी तेच. सकाळी ट्रंक ओढायची, शर्ट काढायचा, ट्रंक ढकलायची. पत्रा फरशीवर असा करकरतो की माझे दात शिवशिवतात. पहिल्या महिन्यात मी चेष्टा करायची, "आवं, अजून रजेवर आलाय व्हय?" ते हसायचे. मग मी चेष्टा करायचं सोडलं आणि आवाजाची सवय करून घेतली.

गावाकडून सासूबाईंचा, बनुबाईंचा फोन आला. त्यांना बातमी कुणी दिली देव जाणे. "क्रांती, अठ्ठावीस हजार सोडायला लावू नगंस. गडी मानूस दिवसभर घरात दिसला की लोकं इचारत्यात." मी म्हटलं, "आत्याबाई, ते दिवसभर घरात दिसावेत म्हणून मी अठरा वर्षं वाट बघितली." त्या म्हणाल्या, "तुजं बी खरं हाय," आणि उसाच्या तोडीचं बोलायला लागल्या.

शेवटी मी एक गोष्ट केली. नेमणुकीचं पत्र घ्यायला हंबीररावांना साताऱ्याला जायचं होतं, मी रजा टाकली आणि म्हटलं, मीही येते. त्यांना वाटलं पेढे घ्यायला. मला जाऊन त्या साहेबाला तोंडावर विचारायचं होतं, सुट्टी किती वाजता होते. ह्यांना जमत नसेल तर मी विचारेन. मला कुठं कुणाला सॅल्यूट करायचाय?

एसटीनं गेलो. स्टँडवर बिरदेव भावजी गेटवर हाताखालच्याला बसवून मोटरसायकल घेऊन आले होते, मी मागून रिक्षानं. बिरदेव म्हणजे ह्यांच्या पलटणीतले, दोन वर्षं आधी पेन्शनीत आलेले, याच गेटवर सुपरवायझर. हंबीररावांना आतल्या ऑफिसात बोलावलं आणि मला गेटच्या केबिनमध्ये बसवलं. बाईमाणसाला आत कशाला, असं कुणी म्हटलं नाही, पण खुर्ची केबिनमध्येच ठेवली. काचेतून ऑफिस दिसत होतं. तिशीतला एक साहेब बोलत होता आणि माझा त्रेचाळीस वर्षांचा नवरा खुर्ची असताना उभा होता.

"भावजी," मी बिरदेवला विचारलं, "तुमची सुट्टी किती वाजता?"

"सहा ते सहा असती, वैनी. रिलीव्हर आला न्हाई तर पुढंबी चालतं."

"आज सकाळी सहाला आलात?"

"काल सकाळी," ते म्हणाले आणि हसले. डोळे लाल होते. "रिलीव्हरच्या घरी लगीन हाय."

"जादा तासांचे पैसे?"

"मिळत्यात की. मागितलं तर."

"मागता तुम्ही?"

"आपन काय मागनारी मानसं हाय व्हय, वैनी?" त्यांना माझ्या प्रश्नाची खरंच गंमत वाटली. "म्हनून तर कंपनी फौजीच घेती."

मी त्या माणसाकडं बघत राहिले. त्याला फसवलंय हे त्याला कळत होतं. आणि त्यातच त्याला मान वाटत होता. अशा माणसाला काय सांगायचं? मला त्या कंपनीचा राग आला, बिरदेवचा आला आणि काचेपलीकडं उभ्या असलेल्या माझ्या माणसाचा सगळ्यात जास्त आला. साहेबानं काहीतरी विचारलं. ह्यांनी मान हलवली. बाहेर आले तेव्हा हातात पत्र होतं.

"काय म्हणत होता साहेब?"

"काही शंका हाय का म्हनून इचारलं."

"मग?"

"नो सर, म्हटलं."

मी उठून ऑफिसकडं निघालेच होते. तेवढ्यात बिरदेव म्हणाले, "चला, रूम दाखवतो," आणि हंबीरराव असे भराभर त्यांच्यामागं गेले की मला साहेब सोडून त्यांच्यामागं जावं लागलं.

खोली गेटच्या मागच्या गल्लीत होती. चार कॉट, चार कोपऱ्यांत. तीन कॉटखाली काळ्या ट्रंका, वर पांढरे नंबर. घोंगड्या घडी घालून उशाशी, सगळ्या एकाच मापाच्या. खिडकीला आरसा, तीन खिळ्यांना तीन टॉवेल, चौथा खिळा मोकळा. चौथ्या कॉटवर नुसती गादी होती. हंबीरराव तिच्यावर बसले आणि गादीवरून हात फिरवला.

त्यांचा चेहरा मी बघितला.

हा चेहरा मला माहीत होता. रजेच्या शेवटच्या दिवशी स्टेशनवर तो असाच उजळायचा. बोलायला लागायचे, समीक्षाला खांद्यावर घ्यायचे, चहा घेऊन यायचे. मला वाटायचं, मी रडू नये म्हणून हसतात. मी आठवडाभर तासांचा भागाकार करत बसले होते. टाइम विचारायला हा माणूस लाजतो असं समजून मी विचारायला आले होते. त्याला टाइम विचारायचाच नव्हता. ड्यूटी बारा तासांची असो की चोवीस, त्याला इथं यायचं होतं.

साहेबाला मी काही विचारलं नाही. स्टँडवर आलो. सांगली गाडीला वेळ होता. बाकावर बसले आणि माझा तोल गेला.

"तुमाला घरी यायचंच न्हवतं का?"

शेजारचा माणूस पिशवी उचलून दुसऱ्या बाकावर गेला.

"हळू बोल."

"न्हाई बोलणार हळू. सांगा. मी आणि समीक्षा नको झालोय का?"

ते समोरच्या फलाटाकडं बघायला लागले. मला वाटलं, आताही 'नो सर' म्हणतील.

"तसं न्हाई," ते म्हणाले. "सकाळी तू पानी भरतीस, डबा करतीस, गॅसची टाकी लावतीस, लाइटबिल मोबाइलवर भरतीस. परवा मी बाथरूमचा नळ खोलायला घेतला, तर तू म्हटलीस, ऱ्हाऊ द्या, प्लंबर येतोय. समीक्षा माझ्यासमोर बसून तुला फोन करून इचारती, क्लासला कवा जाऊ म्हनून. सगळं लागलेलं हाय, क्रांती. माझ्याबिगर लागलेलं हाय. त्यात मी कुठं उभं ऱ्हायचं ते मला कळत न्हाई. इथं एक कॉट रिकामी हाय. ती माझी, एवढं कळतं."

"मग हे सांगायचं न्हाई? मागायचं न्हाई?"

"आपल्याच घरात काय मागायचं?"

मला राग आला होता आणि तो ठेवायला जागा नव्हती. नळ मी प्लंबरकडून करून घेतला कारण अठरा वर्षं तसाच करून घेत आले. घर माझ्यावाचून कुणी लावणारच नव्हतं, म्हणून मी लावलं. आता ते नीट लागलंय हाच माझा गुन्हा? गाडी आली. पेढेही घ्यायचे राहिले.

घरी आल्यावर साडी बदलायला कपाट उघडलं. पाच कप्पे. एक माझ्या रोजच्या साड्यांचा, एक ठेवणीतल्या साड्यांचा, दोन समीक्षाचे, आणि सगळ्यात खालच्यात जुने पडदे, लग्नात आलेले टॉवेलांचे संच, एक बिघडलेली इस्त्री. बिघडलेल्या इस्त्रीला माझ्या घरात जागा होती. मी तशीच उभी राहिले. मग कपाट लावून टाकलं.

तो कप्पा त्याच दिवशी मोकळा करून देता आला असता. पण मी दिला असता तर त्यांनी तोही 'ओके' म्हणून घेतला असता, मिळाला हुकूम म्हणून. अठ्ठावीस हजार घेतले तसेच. मला ते नको होतं. मीच किती दिवस त्यांच्या वतीनं विचारायचं, त्यांच्या वतीनं मागायचं, त्यांच्या वतीनं भांडायचं? मी ठरवलं, आता मीही गप्प. जायचं असेल तर जा.

ते दिवस वाईट गेले. आम्ही तिघं एका वेळी जेवत होतो, आणि ताटांचाच काय तो आवाज होत होता. समीक्षा एकदा म्हणाली, "पप्पा, खरंच जाणार?" ते म्हणाले, "बघू," आणि तिच्या ताटात भाजी वाढली, ती तिला आवडत नाही. तिनं खाल्ली. शनिवारी त्यांनी दोन पॅन्टींना इस्त्री केली आणि बूट पॉलिश केले. पॉलिशचा वास घरभर सुटला. रजा संपत आली की हाच वास सुटायचा. मी खिडक्या उघडल्या.

रविवारी संध्याकाळी ट्रंक ओढल्याचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी एक तारीख होती आणि पहाटेची गाडी. मी कणीक मळत होते. मी वळून बघितलं नाही. आत कपडे ठेवल्याचा, मग काढल्याचा, मग बराच वेळ कसलाच आवाज नाही. मग ते मोबाईल घेऊन अंगणात गेले. परत आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

साहेबाच्या फोनला उभे राहिले होते तसेच. पाठ ताठ, टाचा जुळलेल्या.

"क्रांती, एक इचारू?"

"विचारा."

घसा खाकरला. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. छातीवर मेडल लावून घेतलेला माणूस, त्याच्या कपाळावर घाम आला होता.

"कपाटात एक कप्पा मिळंल का मला?"

माझे हात कणकेत तसेच राहिले.

"आणि सातारा?"

"बिरदेवला फोन केला आत्ता. कॉट दुसऱ्या कुनाला दे म्हटलं."

"आणि अण्णा?"

"त्यांनाबी केला. सुट्टी किती वाजता म्हनून इचारलं. ते म्हनाले, तवाच सांगितलं हुतं की. मी म्हटलं, परत एकदा सांगा."

"आठ महिने!" मी ओरडले. समीक्षा अभ्यास टाकून पळत आली. "एवढं एक वाक्य विचारायला आठ महिने लागले तुमाला?"

ते उत्तराची वाट बघत उभे होते. खरंच वाट बघत होते, मी नाही म्हणेन की काय असं वाटत असल्यासारखे.

मी हात तसेच पदराला पुसले आणि आत गेले. पडदे खाली टाकले, टॉवेलांचे संच टाकले, इस्त्री समीक्षाच्या हातात दिली. कप्पा ओल्या फडक्यानं पुसला. तो वाळायच्या आतच त्यांनी ट्रंकेतले कपडे आणले. पाच शर्ट, तीन पॅन्टी, बनियन, एक स्वेटर. एकावर एक, कडा जुळवून, पट्टी लावून ठेवल्यासारखे. सगळं ठेवून झालं तरी निम्मा कप्पा मोकळाच होता.

एवढीशीच जागा लागत होती या माणसाला. मला रडू आलं आणि राग आला, राग जास्त. "आता बाजूला व्हा," मी म्हटलं, "कणीक वाळतीय तिकडं."